ते 34 जण कुठे गेले?

प्रश्न : "मी विदर्भातल्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. महिन्यातून एकदा जिल्ह्याची मानसिक आरोग्याची टीम आमच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) येते. पहिल्या वेळी 43 जण आले होते. चौथ्या महिन्यात त्यांतले 9 उरले. पोस्टर लावली, ग्रामसभेत बोलले, आशाताईंनी घरोघरी सांगितलं. लोकांचे गैरसमज जातच नाहीत. अजून जनजागृती कशी करू? आणि या लोकांना आपल्याकडून नेमकं हवं तरी काय असतं?"

ताई, पोस्टर राहू द्या. पहिल्या शिबिराचं रजिस्टर काढा आणि जे 34 जण परत आले नाहीत त्यांची नावं एका वहीत उतरवून घ्या. हवं काय असतं, हे त्यांनाच विचारायचं आहे. गैरसमजाचं म्हणाल, तर 'येड्यायचा डॉक्टर' आलाय हे अख्ख्या गावाला ठाऊक असताना ही माणसं व्हरांड्यात दोन-दोन तास बसली, नाव-गाव सांगितलं, गोळ्या घेऊन गेली. एवढं केलेल्या माणसाला पथनाट्य दाखवून काय होणार?

मी मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता. पश्चिम विदर्भातल्या दोन तालुक्यांत 21 वर्षं हेच काम केलं. त्यातली पहिली सहा वर्षं मीही जनजागृतीच करत होतो. 10 ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिनाची रॅली, शाळेत भाषण, भिंतीवर घोषवाक्य. अहवाल छान दिसायचा, कारण अहवालात 'नवीन' आणि 'जुने' असे दोनच रकाने होते. गळालेल्यांसाठी रकाना नव्हता. एका पावसाळ्यात गाडी मिळाली नाही म्हणून शिबिर रद्द झालं. दिवस रिकामा होता, म्हणून मोटरसायकल काढली आणि बंद झालेल्या सात पेशंटांच्या घरी गेलो. त्यातले पाच भेटले. एकानंही 'आमचा विश्वास नाही' असं म्हटलं नाही.

पहिला होता एक सालगडी, वय असेल पस्तिशीचं. कानात आवाज यायचे, ते गोळ्यांनी थांबले होते. तरी सोडल्या. म्हणाला, "गोयी घेतली का सकायी उठनंच होत नाई जी. मालकाले काय सांगू?" आमच्या डॉक्टरांनी झोपेची बाब ओळखून सगळा डोस रात्रीवर टाकला होता. पुस्तकाप्रमाणे बरोबरच. पण ते दिवस हरभऱ्याच्या ओलिताचे, आणि कृषिपंपाची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात हा माणूस अंधारात दांड फोडत पाणी फिरवायचा. गोळी घेतली की बांधावरच डुलक्या. मग त्याने सरळ हिशेब केला, की ओलीत सुटलं तर नोकरी जाते, गोळी सुटली तर फार तर आवाज येतील. तपासताना त्याला सतरा प्रश्न विचारले होते. रात्री काय काम करतोस, हा त्यात नव्हता.

तेव्हापासून माझ्या केसपेपरवर मी हाताने एक ओळ लिहायला लागलो : ओलीत / जागल. जागलीला जाणाऱ्याचं तर आणखी वेगळं. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांपायी पीक राखायला माणूस महिना-महिना मचाणावर रात्र काढतो. ज्याला आधी उन्मादाचा झटका येऊन गेलाय, त्याच्यासाठी झोपमोड हीच काडी असते. माझ्या अनुभवात अशा पेशंटांचे परतणारे झटके पेरणी आणि जागल या दोन हंगामांत जास्त. घरच्यांना हे एकदा समजावलं की ते स्वतःहून पाळी लावतात, भाऊ जागलीला जातो आणि हा दिवसा डवरणीला. याला मी उपचारच म्हणतो, औषधाच्या चिठ्ठीत तो मावत नाही एवढंच.

दुसरी एक बाई. तिला सासूनं आणलं होतं. रजिस्टरमधली तक्रार सासूची होती, 'काम करत नाही, चिडते, रडते'. तपासणी झाली तेव्हा टेबलाभोवती सासू, दीर, दोन आशा आणि पलीकडच्या बाकावर बीपीचे पेशंट. घरी गेलो तर म्हणाली, "तुमी समद्यायले इचारलं, मले इचारलंच नाई." तिचं बाळ सात महिन्यांपूर्वी पोटातच गेलं होतं. हे केसपेपरवर कुठेच नव्हतं.

तुमच्या पीएचसीत वेगळी खोली नसेल, मला माहीत आहे. लसीकरणाची खोली शिबिराच्या दिवशी रिकामी असते का, बघा. तीही नसेल तर मी बायकांना वजनकाट्याकडे न्यायचो. 'चला, वजन करू' म्हटलं की सासू मागे राहते. पाच मिनिटं मिळतात आणि पाच मिनिटांत पुष्कळ कळतं.

आणि शब्द जपून वापरा. प्रश्नावलीत 'उदास वाटतं का' असं छापलेलं असतं. आपल्याकडे उदास कोणाला वाटत नाही. मन लागत नाही, जीव घाबरते, हातपाय गयतेत, डोक्शात इचार फिरतेत, अंगात जीवच नाही. बाई येते ती कंबर दुखते, पांढरं जाते, थकवा आहे म्हणून येते. तिचं हिमोग्लोबिन आधी तपासा. सगळंच मनावर ढकलणं हाही एक आळस आहे. पण रक्त बरं निघालं, तपासणीत काही नाही, तरी ती महिन्यात तिसऱ्यांदा आली, तर खुर्ची जवळ ओढून 'झोप कशी हाये, माय?' एवढंच विचारा आणि गप्प बसा. हे गप्प बसणं शिकायला मला बरीच वर्षं लागली.

बाकीच्या तिघांची कारणं फार साधी होती. एकाला दोन महिने गोळ्या मिळाल्या, तिसऱ्या महिन्यात 'स्टॉक नाही, बाहेरून घ्या'. बाहेर किंमत विचारली आणि परत घरी. एकीची एसटी बंद झाली होती. बायकांना 2023 पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, पण त्यासाठी एसटी यावी लागते. आणि एक मास्तर होते, ते म्हणाले, प्रत्येक वेळी नवा डॉक्टर, प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगायचं, तेही दारातच उभं राहून; मुलगा गेल्याचं किती जणांना सांगू?

आता तुमच्या शिबिराचा वार आणि वेळ पडताळून पाहा. टीम 11ला पोचते, 2ला निघते. पेशंटसोबत एक माणूस लागतो, म्हणजे घरातली दोन मजुऱ्या बुडतात. सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) होऊन कापसाची वेचणी लागली की मजुरी किलोवर असते; ज्या बाईचा हात चालतो ती त्या दिवसांत ताप असला तरी वावर सोडत नाही. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर तुमचं शिबिर ओस पडेल. त्याला लोकांची उदासीनता म्हणू नका. आठवडी बाजाराच्या दिवशी शिबिर ठेवायला आमच्या वरिष्ठांनी तीन वर्षं नकार दिला, गर्दी होते म्हणून. गर्दी हवीच होती की! बाजाराला तसंही यावं लागतं, आणि पिशवीत भाजीखाली गोळ्या लपतात.

थोडं मागचंही सांगतो, कारण ही रचना अशी का आहे हे कळलं की स्वतःला दोष देणं थांबतं. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 सालचा. कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात प्रयोग झाला आणि त्यावरून 1996 मध्ये जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. कागदावर टीम भरलेली असते, मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका. जागा किती भरलेल्या असतात ते तुम्ही पाहताच. 2015-16च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात (त्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता) नैराश्य-चिंतेसारख्या नेहमीच्या आजारांत सुमारे 85 टक्के माणसं उपचाराबाहेर सापडली.

पण आपल्याच मातीतला एक आकडा मी नव्या माणसांना नेहमी सांगतो. अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. 2017 साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नैराश्य असलेल्यांपैकी आरोग्यसेवेपर्यंत पोचलेले सुरुवातीला 4.3 टक्के होते, 18 महिन्यांनी ते 27.2 टक्के झाले. तज्ज्ञांची फौज तिथेही नव्हती. गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते, त्यांच्या वर समुपदेशक आणि अवघड पेशंटपुरते मानसोपचारतज्ज्ञ, अशी उतरंड होती. म्हणजे महिन्यातून एकदा येणाऱ्या आमच्यासारख्यांपेक्षा तुमची रोजची खुर्ची जास्त कामाची. (27 टक्के म्हणजे 73 बाहेरच राहिले, हेही खरं.)

उन्हाळ्याबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही आणि आपल्याकडे पारा 45च्या वर जातो. ज्यांना लिथियम (उन्मादाच्या आजारावरची गोळी) चालू आहे त्यांची वेगळी यादी करा. खूप घाम गेला, जुलाब-उलट्या झाल्या, पाणी कमी पडलं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि विषासारखं होतं. हात नेहमीपेक्षा जास्त थरथरणं, चालताना झोक जाणं, जीभ जड होणं, उलट्या ही खूण. असं दिसलं तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी मोठा दवाखाना, रक्तातली पातळी तपासायला. दुसरं, अंग दुखतं म्हणून किराणा दुकानातून घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी हीच पातळी वाढवते. निंदणाच्या आणि वेचणीच्या दिवसांत ती गोळी प्रत्येक घरात असते. आणि कोणी 'बीपी आहे, मीठ बंद कर' म्हणून सांगितलं असेल तर लिथियमवाल्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ एकदम तोडायचं नाही.

आवाज-भासांवरच्या गोळ्या, आणि त्यांच्यासोबत थरथर कमी करायला दिलेली ट्रायहेक्सीफेनिडिल, यांनी शरीराचं गरमी बाहेर टाकणं मंदावतं, घाम कमी येतो. असा माणूस मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला गेला तर पहाटे जाऊन उन्हाआधी परतायला हवा, डोक्याला दुपट्टा आणि सोबत पाणी. गोळी बंद करायची नाही, उन्हाची वेळ टाळायची. हे एक वाक्य एप्रिलमध्ये प्रत्येक घरी सांगितलंत तरी पुष्कळ झालं.

उन्हाळ्यानंतर श्रावण. दारू सोडायला आपल्याकडे श्रावणासारखा मुहूर्त नाही. कोणी माळ घालतो, कोणी देवासमोर शपथ घेतो. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, फीट येते, मग भिंतीवर किडे दिसायला लागतात, मेलेली माणसं बोलायला लागतात. घरचे म्हणतात, बाहेरचं झालं, आणि त्याला एखाद्या बाबाकडे घेऊन जातात. ही जिवावरची वेळ असते, भरती करावं लागतं. तुमच्याकडे सलाईन लावायची वेळ आली तर ग्लुकोजच्या आधी थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) हवं, हे तुमच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. वर्ध्यात आणि 1993 पासून गडचिरोलीत दारूबंदी आहे. तिथं तर पेशंट दारूचं नावच काढत नाही, आपण पोलिसात सांगू या भीतीनं. त्याला आधी सांगायचं, 'मी दवाखान्याची आहे, ठाण्याची नाही.'

मिरगीचे पेशंट तुमच्या त्या 9 जणांत बरेच असतील. ते टिकतात, कारण गोळी चुकली की फीट येते, पुरावा ताबडतोब मिळतो. त्यांच्याकडून विहीर आणि चूल यांची काळजी घ्यायचं कबूल करून घ्या, बस.

आता आत्महत्येबद्दल. विदर्भ म्हटलं की बाहेरचे लोक दुसरं काही विचारतच नाहीत, त्यामुळे मला या विषयाचा थोडा कंटाळा आहे, खोटं कशाला बोलू. पण काम टाळता येत नाही. थेट विचारायचं : 'मरून जावं असं मनात येतं का?' विचारल्यानं कोणाच्या डोक्यात ते भरत नाही. उलट माणूस मोठा श्वास सोडतो आणि बोलतो. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं घरी पाठवायचं नाही, सोबत कोण राहणार ते ठरवायचं, आणि फवारणीचं औषध घरातून हलवायचं. आपल्याकडे ते पलंगाखाली, फळीवर, कधी चुलीशेजारीच असतं. शेतातल्या कुलूपबंद पेटीत किंवा दुसऱ्याच्या ताब्यात ठेवलं की त्या दोन-चार वाईट घटका निघून जायला वेळ मिळतो. अशा पेशंटला महिन्याच्या गोळ्याही एकदम हातात देऊ नका. आठवड्याच्या द्या, घरच्याच्या ताब्यात. 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर द्या, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मात्र घरात एकच मोबाइल आणि तो नवऱ्याच्या खिशात, अशी बाई फोन करणार कुठून? तिला तुमच्या उपकेंद्राच्या फोनवरून लावून द्या आणि तुम्ही बाहेर थांबा.

विष घेऊन वाचलेला माणूस दवाखान्यातून परततो तेव्हा घर पोलिसांना घाबरलेलं असतं. म्हणून 'फवारताना चुकून गेलं' असं लिहून घेतात आणि मानसिक आजाराचा उपचार सुरूच होत नाही. दवाखाना पोलिसात नोंद पाठवतो हे खरं. पण 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 115 म्हणतं, की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, त्याच्यावर खटला नाही, शिक्षा नाही. आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं 309 कलम राहिलेलंच नाही. हे त्याच्या बापाला अंगणात बसून सांगा. परत आल्यावरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक, तेव्हा दर आठवड्याला चक्कर हवी. आणि जिथे माणूस गेलाच, तिथे प्रकरण सरकारी मदतीला 'पात्र' की 'अपात्र' यातच सगळे अडकतात. मागे राहिलेल्या त्याच्या बायकोला नंतर तुम्ही एकदा भेटा, हातात कुठलाही फॉर्म न घेता.

देवऋषी, भूमका (मेळघाटातला आदिवासी वैदू), बाबा यांच्याशी भांडू नका. मेळघाटात भूमक्याकडे गेलेला माणूस आपल्याकडेही येतो, त्याला दोन्ही चालतं. अंगारा लावू द्या, गोळीही घेऊ द्या. रेघ एकच : मारझोड, चटके, उपाशी ठेवणं, साखळी. तिथे 2013चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि मानसिक आरोग्य कायद्यानंही साखळदंडाला कोणत्याच रूपात परवानगी नाही. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवायच्या एका आश्रमात 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली तेव्हा साखळीनं बांधलेली माणसं पळू शकली नाहीत, 28 जण गेले.

तरी तुम्हाला गावात निंबाला बांधलेला पोरगा दिसला तर पहिला फोन ठाण्यात करू नका. आधी माय कुठे आहे ते बघा. बहुतेक ती वावरात असते, आणि घरी राखायला कोणी नसतं म्हणून बांधलेला असतो. मी अशा एका घरी पाच वेळा गेलो. महिन्याला एक इंजेक्शन सुरू झालं, तिसऱ्या महिन्यात त्यांनी साखळी स्वतःच काढली आणि बैलाला लावली. पोलिस आणले असते तर पोरगा लांबच्या नातेवाइकाकडे गेला असता, साखळीसकट. घराला भीती असते 'नागपूरले धाडतीन'ची. नागपूरचं मनोरुग्णालय 1864 पासूनचं, तेव्हा ही भीती पिढ्यांची आहे. त्यांना सांगा, की आजच्या कायद्यात माणूस साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमू शकतो, आणि पुढे आजार बळावला तर कोणता उपचार हवा, कोणता नको, हे आगाऊ लिहून ठेवायचाही त्याला हक्क आहे. त्यासाठी आधी त्याच्याशी बोलावं लागतं, त्याच्याविषयी त्याच्या भावाशी नव्हे.

पेशंट स्वतः काय मागतात याची मी मनातल्या मनात मोजदाद ठेवायचो. सगळ्यात वर काम. मग झोप. मग लग्न, म्हणजे माझं किंवा माझ्या आजारामुळे अडलेलं बहिणीचं. 'लक्षणं कमी करा' असं कोणी म्हटलेलं मला आठवत नाही. दीर्घ आजारवाल्यांना दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं, 2016च्या कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे, 40 टक्क्यांपुढे योजना लागू होतात, संजय गांधी निराधारचा अर्ज करता येतो. पण प्रमाणपत्र देणारं डॉक्टरांचं बोर्ड जिल्ह्याला ठराविक दिवशीच बसतं आणि माणूस त्या दिवशी जरा बरा दिसला की टक्के कमी पडतात. जाताना जुने सगळे केसपेपर पिशवीत द्या आणि घरी तो काय काय करू शकत नाही हे कागदावर लिहून द्या. एका पोरानं मला दिव्यांगाचं कार्ड परत केलं होतं : "यानं सोयरीक मोडन." तेही ऐकायचं. कार्ड सक्तीचं नाही.

तर ती वही. आठवड्याला तीन घरं पुरेत, 34 नावं तीन महिन्यांत होतात. 'का नाही आले?' असं विचारलंत तर उत्तर 'पाणी होता' (पाऊस होता) असं येईल. 'गोळीनं काय त्रास झाला?' असं विचारा, मग बोलतील. सोबत त्याच गावची आशा न्यायची की शेजारच्या गावची, हे घर बघून ठरवा. कधीकधी गावातल्या आशेपासूनच लपवायचं असतं. जीप दारात लावू नका, पारावर लावा आणि चालत जा. शेजारीण विचारेलच, कशाले आल्या जी? बीपी तपासायला, म्हणा. आणि मग खरंच तपासा, शेजारणीचंही.